काकांनी जपलेले बारा शब्द

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या सोसायटीत उत्तम दळवींना नावाने कोणी ओळखत नाही. लॅमिनेशनकाका म्हटलं की वॉचमनसुद्धा बरोबर मजल्यावर पाठवतो. निवृत्तीला ऑफिसवाल्यांनी विचारलं, घड्याळ हवं की चांदीचा गणपती? काकांनी रेकॉर्ड रूममधलं जुनं लॅमिनेशन मशीन मागितलं. रिक्षातून आणताना मांडीवर घेऊन बसले होते, वर रिक्षावाल्याला "भैया, खड्डा बचाके" चालूच.

काका बोलतात थांबून थांबून, प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारखं. कागद उजेडात धरायचा, नाकातून एक "हं" काढायचा आणि मग: "कागद म्हणजे पाहुणा रे. हवा लागली की निघाला. प्लास्टिकमध्ये बसवला की घरचा झाला." गणपतीच्या आरत्या, लशीची सर्टिफिकेटं, कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक, शेजारच्या अल्पेशभाईंच्या मुलीची पत्रिका, सगळं त्यांच्या मशीनमधून गरमागरम निघालेलं. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, आणि तो कमी गोड असला तर तसं सांगतात.

शुभदाकाकू वैतागतात. "एक दिवस मलाच घालतील हो त्या मशीनमध्ये. बरंच आहे, सुरकुत्या तरी जातील."

त्यांची मुलगी संचिताताई परदेशातल्या गेम बनवणाऱ्या कंपन्यांसाठी चित्रं काढते. तेही घरच्या डायनिंग टेबलावर. कुकर आला की राक्षस उचलायचा, पोळ्या आल्या की राजकन्या. जवळच्या खारी गावात एक छोटा गाळा तिने हेरून ठेवला होता. उत्तरेची खिडकी, समोर चहाची टपरी. तिथे स्वतःचा स्टुडिओ करायचा. परदेशवाले तिचे पैसे क्रिप्टोमध्ये द्यायचे, ते फोनमधल्या वॉलेटमध्ये पडून राहायचे आणि गाळ्याचं डिपॉझिट तिथे साठत होतं.

वॉलेट पहिल्यांदा उघडलं तेव्हा फोनने बारा इंग्रजी शब्द दाखवले. तेव्हा बापलेकीचं झालेलं बोलणं काकूंनी पुढे आमच्या स्वयंपाकघरात दोघांच्या आवाजात करून दाखवलं.

"बाबा, फोन बिघडला तर नव्या फोनमध्ये हे बारा शब्द याच क्रमाने टाकायचे. सगळं परत येतं."

"आणि शब्दच हरवले तर?"

"फोनही गेला आणि शब्दही गेले, तर संपलं. इथे बँक नाही, मॅनेजर नाही, अर्ज कुणाकडे करायचा नाही."

"हं. दुसऱ्याच्या हाती लागले तर?"

"मग पैसे त्याचे. म्हणून फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲप करायचं नाही. कंपनीतून बोलतोय म्हणून कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत."

काकांनी हात पुढे केला. "माझ्याकडे दे. या घरात सांभाळण्याचं खातं माझं."

ताई पेन घेऊन लिहायला बसली, तर काका म्हणाले, "थांब. तुझं अक्षर तुला तरी लागतं का? प्रिंट काढ." ताई आपल्या चित्रांचे स्टिकरही विकते. त्यांच्या पाकिटांवर पत्ता डकवायला घरात एक चिमुकला लेबल-प्रिंटर होता. त्यावर बारा शब्दांची पट्टी निघाली, ठसठशीत काळ्या अक्षरांत. दुसरी प्रत? काकांनी मान हलवली. एक वस्तू, एक जागा, एक माणूस. पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या लॉकरमध्ये, काकूंच्या पाटल्यांखाली गेली. लॅमिनेशन तेवढं राहिलं, कारण मशीन हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये सदा कुणीतरी आरती नाहीतर आधार कार्ड घेऊन बसलेलं.

गेल्या हिवाळ्यात ताई पालीच्या किनाऱ्यावर होड्यांची चित्रं काढायला गेली. फोन खडकावर ठेवला, लाट आली आणि फोन घेऊन गेली. ताई ओल्या जीन्समध्ये हसतच घरी आली. "फोन गेला, पण नो टेन्शन. बाबांकडे शब्द आहेत." आईच्या फोनवरून नवा मागवला, दोन दिवसांत येणार होता. गाळ्याच्या मालकालाही कळवून टाकलं, या आठवड्यात पैसे देते.

ताई आंघोळीला गेली आणि काकांनी लॉकर उघडला. पट्टीवरची अक्षरं फिकट झाली होती, पातळ चहाच्या रंगाची. काकांनी बोट ठेवून बाराही शब्द काकूंना वाचून दाखवले.

"सगळे आहेत. पण उडायला लागलेत."

"मग लिहून घ्या ना पटकन!"

"लिहिताना माणूस चुकतो, शुभदा. मशीन चुकत नाही."

त्यांनी दार लावून घेतलं, मशीन तापवलं आणि पट्टी आत सोडली. पलीकडून ती बाहेर आली. कडा सरळ, एकही बुडबुडा नाही. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीकुळकुळीत.

त्या प्रिंटरमध्ये शाई नसते. त्याचा कागदच असा, की जिथे उष्णता लागेल तिथे काळा होतो. प्रिंटरने अक्षरांपुरती उष्णता दिली होती, काकांच्या मशीनने सगळ्या कागदाला दिली. त्यांनी पट्टी उजेडात धरली, तिरकी धरली, बॅटरी लावून पाहिली. ताई केस पुसत बाहेर आली तेव्हा ते पट्टी पुढे करून नुसते उभे होते.

काकांना सात शब्द आठवले, क्रम धड तीन शब्दांचाही नाही. ताईला दोन. बाबांकडे आहेत म्हणून तिने कधी पाठच केले नव्हते. बाराच्या बारा, तेही क्रमाने लागतात. सातांना काडीची किंमत नाही.

दुसऱ्या दिवशी अल्पेशभाई आले, सोफ्यावर ऐसपैस. "अरे उत्तमभाई, टेन्शन शुं लेवानुं? मेरा एक जन है, सब रिकवर करके देता है. जो वर्ड याद है उसको भेज दो, थोडा ॲडव्हान्स दे दो, बस."

काकांनी ताईकडे पाहिलं. "विचारून तर बघू?"

"बाबा, हे कुणालाच करता येत नाही. येतं म्हणणारा चोर असतो." मग भाईंकडे वळून, "भाई, आपने भी कुछ भेजा है क्या उसको?" भाईंनी चहा संपवला आणि उठले.

ताई बापावर ओरडली नाही. "असू दे बाबा," एवढंच म्हणाली. दोघींच्या वाटणीचं काकूच ओरडल्या, आणि काकांना तेच बरं वाटत असावं, कारण काकू दमून थांबल्या तेव्हा ते म्हणाले, "बोल ना अजून." गाळा आठवडाभरात एका ट्यूशनवाल्याने घेतला.

मशीन आता पलंगाखाली आहे. कुणी कागद घेऊन आलं तर काका दारातूनच सांगतात, "स्टेशनजवळ करून देतात. स्वस्त आहे."

परवा ताईने नव्या फोनवर नवं वॉलेट उघडलं. बारा शब्द हाताने दोन कागदांवर लिहिले, काकूंकडून स्क्रीनशी अक्षर न् अक्षर ताडून घेतले. एक कागद स्वतःच्या कपाटात ठेवला, दुसरा बंद पाकिटात घातला, खारीच्या मावशीकडे ठेवायला. काका स्वयंपाकघराच्या दाराशी पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. पाणी पीत नव्हते.

"बॉलपेनने लिहिलंस ना?"

"हो बाबा."

"चांगलं. टिकतं ते." मग थोड्या वेळाने, "मी देऊन येऊ मावशीकडे? रिकामाच आहे."

ताईने पाकीट पर्समध्ये टाकून चेन लावली. "नको बाबा. मीच जाते."

"बरोबर आहे," काका म्हणाले. ग्लास खाली ठेवला, दाराशी जाऊन तिच्या चपला सरळ करून दिल्या आणि ती लिफ्टमध्ये शिरेपर्यंत दार धरून उभे राहिले.