कोठीला तीन खिडक्या

परवा भाचीने फोनवर एका नव्या पर्यटन जहाजाचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, तू बोटींचे नकाशे काढायचीस ना? हे कसं वाटतं?" मी चष्मा पुसून पाहिलं. पंधरा-सोळा मजले, मजल्यामजल्यावर बाल्कन्यांच्या रांगा, गच्चीवर घसरगुंडी. नाक कुठे आणि शेपूट कुठे हे शोधायलाच वेळ लागला. एखादी गृहनिर्माण सोसायटी उचलून पाण्यात ठेवावी तसं ते दिसत होतं. जहाज म्हणून मला ते मुळीच आवडलं नाही. पण फोटोत दिसणाऱ्या प्रत्येक खोलीला स्वतःची बाल्कनी होती, आणि तेवढ्यासाठी त्या बेढब धुडाला मी बाकीचं सगळं माफ केलं. कारण माझी नोकरी एकदा तीन खिडक्यांवर अडली होती.

गोष्ट कलकत्त्याची, सत्तर सालानंतरची. वडील भवानीपूरच्या एका शाळेत शिकवत. आमच्या घरात मराठी आणि जिना उतरला की बंगाली. हावड्याच्या बाजूला नदीकाठी बोटी बांधणारा एक छोटा कारखाना होता. तिथे मला सहा महिन्यांच्या बोलीवर ट्रेसर म्हणून घेतलं. ट्रेसरचं काम म्हणजे पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून तो शाईने जसाच्या तसा गिरवायचा. त्यावरून निळे प्रिंट निघत आणि ते बघून खाली पत्रे कापले जात. नकाशांच्या खोलीत मी एकटीच बाई. मॅनेजरसाहेबांना हा प्रयोग पसंत नव्हता. बायकांचं लक्ष घरात असतं, असं ते माझ्यादेखत बोलून दाखवायचे. म्हणून सहा महिन्यांत एकही चूक करायची नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आमचे मुख्य ड्राफ्ट्समन निवृत्तीला आलेले होते. सगळे त्यांना दादा म्हणत. बोट दिसायला कशी असावी याबद्दल त्यांची मतं ठाम होती. डेकची रेघ दोन्ही टोकांना जराशी उचललेली हवी म्हणजे हवी. रेघ काढून झाली की ते गाल टेबलाला टेकवत, एक डोळा मिटत आणि दुसऱ्याने त्या रेघेवरून पार टोकापर्यंत नजर नेत. कुठे पोक दिसलं की सगळी रेघ पुसून पुन्हा काढायची. मलाही त्यांनी तसंच बघायला शिकवलं, आणि अजूनही पडद्याची दांडी लावताना मी तशीच बघते.

त्या पावसाळ्यात आमच्याकडे सुंदरबनाकडे जाणाऱ्या एका उतारू बोटीचं काम होतं. वरच्या वर्गाला मोठ्या खिडक्या, खालच्या दालनाला पोर्टहोल, म्हणजे लहान गोल खिडक्या. दादांनी पोर्टहोलांची अखंड रांग काढली होती. मॅनेजरसाहेबांनी त्या दालनातला मधलाच एक तुकडा दोरखंडांच्या कोठीसाठी मागून घेतला. कोठीला खिडक्या कशाला, म्हणून एका बाजूचे तीन पोर्टहोल रद्द झाले. दादांनी ते पुसले आणि त्या दिवशी पुन्हा त्या रांगेवरून नजर नेली नाही.

तो नकाशा गिरवायला माझ्याकडे आला. वीज गेलेली, पंखा बंद. घामाचा थेंब कापडावर पडला की डाग पडतो, म्हणून मी कोपराखाली टीपकागद धरून एकेक गोल काढत होते. दिवस श्रावणाचे. रोज सकाळी आई मला दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढायला लावायची, आणि एखादा ठिपका सुटला तर सगळी पुसायला लावायची. तोच हात नकाशावर चालला. समान अंतर धरून मी गोल काढत गेले आणि जिथे नव्हते तिथेही तीन काढले. दादांनी नकाशा तपासला, सही केली, प्रिंट खाली गेले.

पंधरा दिवसांनी मी बोट बघायला खाली उतरले. बाजूचा पत्रा बसला होता. पोर्टहोलांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी काही देखणी दिसत होती की मी खूश होऊन उभीच राहिले. मग कोठी आठवली.

धावत वर गेले. "दादा, चुकलं माझं. कोठीला मी तीन खिडक्या काढल्यात."

ते शांतपणे चपला घालून खाली आले. एक डोळा मिटून त्यांनी रांगेवरून नजर नेली. "सुरेख दिसते," म्हणाले.

मला असा राग आला! "माझी नोकरी चाललीय आणि तुम्ही रांग कसली बघताय?"

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले आणि ज्याची भीती होती तेच बोलायला लागले. दादांनी त्यांना मध्येच थांबवलं. "हिला नका विचारू. तपासल्याची सही माझी आहे, मला विचारा. भोकं बुजवायची तर पत्रा उतरवावा लागेल, बोटीचं काम लांबेल. दोरखंड जिन्याखाली मावतात. इथे तान्ह्या मुलांच्या आयांना बसायला जागा करू."

साहेब लालबुंद झाले, बोटीला एक फेरी मारून आले आणि "करा काय ते" म्हणून निघून गेले. माझी नोकरी राहिली. दादांना मात्र अख्ख्या नोकरीतलं पहिलं ताकीदपत्र मिळालं. ते माझ्यामुळे, या विचाराने मला महिनाभर जेवण गोड लागलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी दादांनी मला आपली कंपासपेटी दिली. तिच्यात त्या नकाशाचा तपासणीचा प्रिंट घडी करून ठेवला होता. तपासणाऱ्याने एकेक गोष्ट मूळ नकाशाशी ताडून तिच्यावर लाल पेन्सिलीने खूण करायची, अशी आमच्याकडची पद्धत. प्रत्येक पोर्टहोलवर लाल खूण होती. त्या तिन्हींवरही होती, आणि जरा दाबूनच केलेली होती.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"तपासणारा आंधळा असून कसं चालेल?" त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. "खाली बसणाऱ्यांनाही नदी दिसायला हवी."

महिनाभर मला झुरवलं म्हणून त्यांच्याशी भांडावं असं वाटलं, आणि वाकून पायाही पडावंसं वाटलं. मी पाया पडले.

पुढच्या हिवाळ्यात आईला घेऊन मी त्या बोटीने गेले. आयांच्या खोलीत दोन बाळं झोपली होती, एक रडत होतं. आई नेमकी तिन्हींतल्या मधल्या खिडकीशी जाऊन बसली. बाहेर ऊन, पाणी, होड्या. मला राहवेना. "आई, ही खिडकी मी काढलीय," मी म्हटलं.

आईने काचेवरून बोट फिरवलं, मग पदराचं टोक धरून ती काच पुसायला लागली. "इतकी छान काढलीस," ती म्हणाली, "तर पुसून तरी ठेवायचीस."