नदीकाठ समितीची कोनशिला

नदीत गाळ साठतो ना, तसे आमच्या समितीत किस्से साठतात. गाळ काढायचा निदान ठराव तरी होतो, किश्श्यांचा तोही होत नाही! लोणावळ्याचे हॉटेलवाले शेठ, कार्ल्याच्या आसपासची गावं आणि रेल्वेतून रिटायर झालेला मी, असे सगळे मिळून इंद्रायणीचा काठ पुन्हा हिरवा करणार होतो. खरी घाई एकट्या कमलमावशींना होती. दर पावसाळ्यात नदी त्यांच्या भातखाचराचा लचका तोडायची.

*

पहिलं काम सफाईचं. वरच्या गावानं दुपारपर्यंत काठ लख्ख केला. कचरा कुठं टाकला म्हणून विचारलं, तर तिथले आबा, म्हणजे आमचे अध्यक्ष, छाती फुगवून म्हणाले, "आमच्या हद्दीत आता काडी न्हाई!"

खालच्या गावाला ते संध्याकाळी कळलंच. सगळं वाहत त्यांच्या दारात आलं होतं.

*

मग वाळवंटातल्या एका संस्थेशी पार्टनरशिप झाली. त्यांनी तिकडची सुकलेली नदी जिवंत केली होती. बिचारे मोठ्या प्रेमानं रोपं घेऊन आले, कमी पाण्यावर जगणारी. आम्ही ती भर जुलैत मावळात लावली!

रोपं कुजली तसा मी फोन केला. पलीकडून शांतपणे सल्ला आला, "पानी थोडा कम डालिए."

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता.

*

शेठनी काठावर बाक दिले. पाठ नदीकडे, तोंड हॉटेलच्या बोर्डाकडे!

"अहो शेठ, बसल्यावर नदी दिसत नाही."

"आवाज येतो की!"

*

प्रत्येक मीटिंगला कमलमावशींचा एकच प्रश्न, "माज्या काठाला बांबू कवा लावताय?"

आबांचं उत्तरही ठरलेलं. "मावशी, तितं गाडी जात न्हाई. पाहुणं फोटोला कसं येणार?"

मला याचा भयंकर राग यायचा.

*

आता कोनशिलेचं. सगळ्या सभासदांची नावं कोरलेला भलाथोरला दगड तयार झाला, पण बसवायचा कुणाच्या गावात? भांडण इतकं पेटलं, की समितीच मोडायची वेळ आली. तेव्हा मावशी उठल्या.

"माज्या बांधावर ठिवा. तितं दोनी गावांची शीव लागती. कुनाचाच रुसवा नगं."

सगळे खूश! मावशींनी दगड अगदी काठाला टेकवून बसवून घेतला. म्हणाल्या, "नदीला बी दिसू द्या नावं."

पावसाळ्यात पाणी चढलं. मावशींनी आबांना फोन केला, "आबा, दगडाखालची माती चालली बगा."

बघता बघता अख्खी समिती चिखलात! जिथं गाडी जात नाही, तिथं शेठ स्वतः ट्रॅक्टरवर बसून वाळूच्या गोण्या घेऊन आले. काठ दगडांनी बांधला, पाणी ओसरल्यावर बांबूही लावले. खाचर जिथल्या तिथं राहिलं.

परवाच्या मीटिंगला आबांनी ऐटीत विचारलं, "काय मावशी, आता तरी खूश का?"

"व्हय आबा, लय खूश. फकस्त यंदा आनखी एक कोनशिला करा. खालच्या कोपऱ्याला बसवू."