वैशाखातला पोळा

माझ्या लग्नात बँड वाजला नाही म्हणून मी जन्मभर फुगून बसले, असं आमच्याकडे अजून कुणी कुणी म्हणतं. साफ खोटं! मी फुगले होते ती लग्नाच्या संध्याकाळपर्यंत. त्यापुढे त्या रुसव्याला जागाच उरली नाही.

आमचं गाव जामनेर आणि बोदवडच्या मधलं, आणि सोयरे मिळाले धुळ्याचे, पार देवपुरातले. सुपारी फोडताना सासरे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हसत हसत म्हणाले, "बाकी काही नको, पण वाजंत्री शोभेल अशी ठेवा. आमची माणसं शहरातली आहेत, नाहीतर टेशनावरूनच माघारी फिरतील." ते हसले, सगळे हसले. आबा मात्र हसले नाहीत. मुलीचा बाप तो. त्यांनी ते बोलणं मनाला लावून घेतलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

मी तर ठरवूनच टाकलं, बँड हवा. जळगावला मामाच्या घरासमोरून एक वरात गेली होती, तिच्यातला लाल डगल्यांचा, पितळी वाद्यांचा बँड मी पाहिला होता. तसा माझ्या दारात वाजायचा म्हणजे वाजायचा!

पण दारात जागा कुठे होती? मांडव घालण्याजोगं मैदान एकच, आमचं खळं. खळ्याला लागून विहीर, विहिरीवर गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी, आणि वैशाखाच्या उन्हात पन्नास ठिकाणांहून आलेल्या गाड्यांचे बैल तिथेच बांधावे लागणार. शेजारच्या गावात असाच बँड आणला होता. पहिलाच मोठा कर्णा फुंकल्याबरोबर बैल दावी तोडून शिवारभर पांगले, आणि वऱ्हाड पायपीट करत घरी गेलं. आबांनी तीच गोष्ट मला ऐकवली.

"मग तबकड्यांचा फोनो लावा," मी म्हटलं.

"खळ्यात तो ऐकू कुणाला जाईल?"

"मग तमाशा आणा!"

"तुझी जीभ आवर," आई आतून ओरडली.

शेवटी आबांनीच तोड काढली. बैलांच्या कानाला ओळखीचं असं एकच वाजप, आमच्या गावचे डफवाले. दर पोळ्याला त्यांच्याच डफावर बैल मिरवतात. कुणी बुजत नाही, कुणी उधळत नाही. सोबत सनई घेतली की झाली शोभा! आबांना पुष्कळ दिवसांनी भूक लागली. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. डफावर लग्न? मी काय बैल आहे?

लग्नाच्या दिवशी गाड्या बोदवड टेशनावर जाऊन वऱ्हाड घेऊन आल्या. कुणी माघारी फिरलं नाही. दिवस कलता कलता नवरदेव मारुतीच्या पारापासून घोड्यावर निघाला आणि पुढे डफ कडाडला. मी हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या सावरत खिडकीशी उभी होते. मांडवाच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, खाली आबा हात जोडून उभे.

आणि डोणीवर पाणी पीत असलेल्या आमच्या तांबड्यानं मान वर केली. हा वासरू असल्यापासून मी भाकरी चारून वाढवलेला बैल. नुकताच गाडीतून सोडलेला, दाव्याशिवाय. त्यानं कान टवकारले. मागे बांधलेले बैलही एकेक करून उठून उभे राहिले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई! डफ ओळखीचा खरा, पण बैल त्यातून ओळखतात काय? पोळा! दुसरं काय ओळखणार?

तांबडा निघाला. पळत नाही हं, पोळ्यात चालतो तसा, ठुमकत. नवरदेवाच्या घोड्याला मागे टाकून, करवल्यांच्या मधून वाट काढत तो थेट मांडवाच्या दाराशी गेला, शिंगं वर केली आणि तोरण खाली ओढलं. पोळ्याला तोरण तुटलं की ओरडतात तसं वऱ्हाडातलं कुणीतरी सवयीनं ओरडलं, "पोळा फुटला रेऽऽ!"

डफ थांबला. आबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पागोटं काढून ते सासऱ्यांच्या पायाशी वाकायला निघाले. आता आयुष्यभर देवपुरात मला हेच ऐकावं लागणार, नवऱ्याच्या आधी बैल आला!

सासऱ्यांनी आबांना वाकूच दिलं नाही. दंडाला धरून उभं केलं. शहरातली माणसं म्हणवणारे ते, पण तोंडून निघाली ती शेतातली बोली. "अरे, बठ्ठा बैलस्ले पोळाच वाटना!" सगळ्या बैलांना पोळाच वाटला म्हणाले, आणि असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग आबांचं पागोटं त्यांच्या डोक्यावर ठेवून, वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ज्याना बैल तोरण तोडस, मान त्यानाच शे. आज मान मुलीना बापना. चला, तुम्ही पुढे व्हा, आमना नवरदेव मांगून येईल."

डफ पुन्हा वाजला. पुढे तांबडा, त्याच्या शिंगात अडकलेलं तोरण, शेजारी आबा, आणि त्यांच्या मागे घोड्यावर हसून हसून बाशिंग सरकलेला माझा नवरा. मी खिडकीत इतक्या मोठ्यानं हसले की आईनं पाठीत धपाटा घातला.

आमच्या गावात पोळ्याचं तोरण पहिलं तोडायचं ते पाटलांच्या बैलानं. आमच्या बैलजोडीची जागा पार मागे, धुरळ्यात. आबांनी कधी तक्रार केली नाही, आम्हाला वाटायचं त्यांना त्याचं काही नाही. पण पुढे मी माहेरी आले की आल्यागेल्याला ते माझ्या लग्नाची गोष्ट सांगायला बसत. तिच्यात जेवणावळ नसे, दागिने नसत, नवरासुद्धा नसे. "आमच्या तांबड्यानं तोरण तोडलं," एवढंच म्हणत, आणि पागोटं नीट करत.