खुर्च्या बघण्याचा कार्यक्रम

आमच्या हिच्या आत्याइतकी चौकस बाई अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरी नाही, हे मी कुठल्याही कोर्टात उभा राहून सांगायला तयार आहे. सगळं केडगाव त्यांना आत्याबाई म्हणतं. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहतात. पाय लहानपणीच पोलिओने अधू झालेले. हाताने फिरवायच्या मशीनवर शिलाई करून जन्मभर आपलं आपण भागवलं. गॅसवाल्याने सिलिंडर ठेवला की त्याने लगेच निघावं अशी पद्धत असते, पण आत्याबाईंकडे नाही. "आत किती ग्यास उरलाय, हे बाहेरून कसं कळायचं रं?" इथून सुरुवात होते आणि त्याच्या धाकट्या भावाचं लग्न कुठे अडलंय इथपर्यंत चौकशी जाते. पंखा बसवायला आलेला वायरमन पंखा का फिरतो हे समजावून सांगता सांगता जेवूनच गेला. पंखा दुसऱ्या दिवशी बसला. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आता तुमचा मोजा बरं, बघू कुणाचा जास्त हाय."

गेल्या वर्षी त्यांच्या खांद्यांनी तक्रार सुरू केली. इतकी वर्षं साधी व्हीलचेअर, तीही स्वतःच्या हातांनी रेटायची. मागून कुणी ढकलायला गेलं तर "म्या काय हातगाडी हाय व्हय?" असा सवाल येई. दर आठवड्याला रिक्षाच्या मागे खुर्ची बांधून नगरला कापडबाजारात जायचं, नवीन कापडं चाचपायची, काही न घेता दुकानदारांना भंडावून सोडायचं आणि परत यायचं, हा त्यांचा नेम. डॉक्टरांनी खांद्यांचा एक्स-रे बघून सांगितलं, "आत्याबाई, तुमचे खांदे हेच तुमचे पाय आहेत. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, सगळं त्यांच्या जोरावर. ते गेले तर तुम्हाला उचलायला माणूस लागेल." आत्याबाईंनी आधी खांद्याच्या आत नक्की काय झिजतं याचं चित्र त्यांच्याकडून काढून घेतलं. मग परतताना रिक्षात म्हणाल्या, "आई गेल्यापासून मला कुणी उचललेलं न्हाई, जावईबापू. आता ते नको." एवढंच बोलल्या आणि केडगाव येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

तर आता प्रश्न आला, कुठली खुर्ची घ्यायची? दोन प्रकार निघाले. एक बॅटरीवर चालणारी: दांडी जिकडे कलवाल तिकडे जाणारी, हातांना काही कामच नाही, पण अशी वजनदार की रिक्षात मावायचं नाव नको. दुसरी आपल्या नेहमीच्या खुर्चीसारखीच, फक्त चाकांत मोटर: आपण थोडा हात मारायचा, बाकीचा जोर ती लावणार. वजनाला हलकी, घडी होणारी, रिक्षात जाणारी. पण हात मारणं काही सुटत नाही. मी म्हटलं, दुकानात जाऊन बघून येऊ. आत्याबाई म्हणाल्या, "आपण कशापायी जायचं? त्यांना इकडं बोलवा. रीतसर बघू."

रीतसर म्हणजे काय, ते रविवारी कळलं. अंगणात सतरंजी, पोह्यांच्या बशा, वर खोबरं-कोथिंबीर. दोन्ही दुकानदार बिचारे गांगरून बसलेले आणि मधे त्यांच्या त्या दोन खुर्च्या. आत्याबाईंनी बॅटरीवालीला लगेच 'थोरली' आणि दुसरीला 'धाकटी' करून टाकलं. मग चौकशी. गाव कुठलं? वजन किती? उन्हात रंग उतरतो का? आजारी पडली तर माहेरी पाठवायचं कुठं, नगरला का पुण्याला? "काही खोड असंल तर आताच सांगा हां, मागनं कळलं तर लई वाईट." थोरलीच्या दुकानदाराने कपाळ पुसत कबूल केलं की दिवे गेले आणि चार्जिंग राहिलं तर ती जागची हलत नाही. "म्हणजे रुसती," आत्याबाई म्हणाल्या आणि त्याला आणखी पोहे वाढायला सांगितले. शेवटी दोघींना म्हणाल्या, "चालून दाखवा." बसायला कुणी नाही, रिकाम्या खुर्च्या अंगणात इकडून तिकडे फिरवल्या गेल्या. आमच्या गल्लीतल्या बायका कठड्याशी ओळीने उभ्या राहून हसत होत्या. मीही हसलो.

मग दोघींना आठवडाभर ठेवून घेतलं. थोरली न्हाणीच्या उंबऱ्याशी अडली. तो उंबरा मी गवंड्याकडून फोडून घेतला. पण आत्याबाईंचा जीव धाकटीवर. पहिला हात मारला तशी ती फाटकापर्यंत सुळ्ळकन गेली आणि आत्याबाई "अगं बाई, अगं बाई" करत लहान पोरीसारख्या हसल्या. तिला घेऊन नगरला गेल्या, अख्खा कापडबाजार पालथा घातला, खड्डे म्हणू नका, चढ म्हणू नका, रिक्षात चढणं-उतरणं म्हणू नका. संध्याकाळी घरी आल्या त्या गाणं गुणगुणत. आणि पलंगावर जायला हात टेकले, तर हात उचलेनात. दोनदा प्रयत्न केला. मग आमच्या हिने त्यांना काखेत हात घालून उचललं आणि पलंगावर ठेवलं. आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. हिला रडू आवरेना, ती घरी निघून आली.

सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर निकाल तयार होता. "थोरली ठेवू."

"पण धाकटी आवडलीय ना तुम्हाला?"

"लई आवडलीय. म्हणून काय झालं? खांदं राखायला हवंत. कापडबाजार न्हाई तर न्हाई."

मी उगाच म्हणालो, "बरं, धाकटीच्या दुकानदाराला चार दिवसांनी फोन करू. तोवर 'बघतो, कळवतो' म्हणून ठेवतो."

आत्याबाई एकदम ताठ झाल्या. "तसं म्हणायचं न्हाई."

मग त्यांनी चहाचा कप हातात घेतला.

"तवा मी काठी टेकून चालायची," त्या म्हणाल्या. "शेवगावाकडली माणसं आलती बघायला. मला आधीच आणून बसवलं हुतं. लुगडं पार पायावर. पोहे खाल्ले, शिवण बघितलं, सगळं झालं. मग त्यांच्यातली एक बाई म्हनली, पोरीला जरा चालून दाखवाय सांगा. दाखवलं. चांगली माणसं हुती, तोंडावर काय बोलली न्हाईत. कळवतो म्हनाली." चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "आमचे वडील, दादा, रोज एसटीच्या टायमाला रस्त्यावर जाऊन उभं ऱ्हायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी उभं ऱ्हायचं. न्हाई म्हनली असती तर काय बिघडलं असतं?"

रविवारी अंगणात मी किती हसलो होतो ते आठवून मला मान वर करवेना.

त्यांनी माझ्याकडून मोबाईल मागून घेतला आणि दुकानदाराला स्वतः सांगितलं, "साहेब, तुमची गाडी गुणाची हाय. तिच्यात काही खोट न्हाई, माझंच खांदं कमी पडत्यात. आजच घेऊन जा." दुपारी तो रिक्षा घेऊन आला. घडी घालण्याआधी आत्याबाईंनी आपल्या पदराने धाकटीची दोन्ही चाकं पुसून दिली. मग थोरलीची दांडी कलवत, अजून सवय नसल्याने जरा वाकड्यातिकड्या, फाटकापर्यंत गेल्या आणि रिक्षा पुणे रोडला लागेपर्यंत तिथेच थांबल्या.

"मिळंल तिला चांगलं घर," म्हणाल्या.