माघातला श्रावण

सांगलीला आमच्या आळीत माणसांचे दोनच प्रकार होते. एक 'घेणारे', दुसरे 'न घेणारे'. काय घेणारे, ते कुणी उच्चारत नसे. मित्राच्या लग्नात एकदा बिअर चाखलेला माणूस आणि गटाराकाठी सापडणारा माणूस, दोघं एकाच रांगेत उभे असत. लग्न जमवताना मुलीकडचे विचारत, "मुलगा घेत नाही ना?" 'नाही' एवढ्या एका शब्दावर विषय संपे. मला पुढे याहून बारीक मोजमाप लागेल, तेही माझ्या बायकोसाठी, असं कधी वाटलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिला स्कॉटलंडमध्ये, एडिनबराच्याही बरंच उत्तरेला, समुद्राकाठच्या एका गावातल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाची नोकरी मिळाली. मी कॉलेजात मराठी शिकवत होतो. राजीनामा दिला आणि तिच्यामागून गेलो. तिथल्या लोकांना त्यात काही वाटलं नाही. मला मात्र पहिली काही वर्षं रोज थोडं थोडं वाटत राहिलं. मला कौन्सिलच्या लायब्ररीत काम मिळालं. हिवाळ्यात तिथे दुपारीच अंधार पडे. समुद्रावरचा वारा कोटाच्या शिवणीतून आत शिरे. संध्याकाळी उजेड, ऊब आणि माणसं या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची त्या गावात एकच जागा होती, ती म्हणजे पब.

पहिल्याच शुक्रवारी ऑपरेशनं आटोपल्यावर तिच्या विभागातले लोक पबमध्ये जमले. मलाही बोलावलं. तिचे कन्सल्टंट, म्हणजे विभागातले वरिष्ठ डॉक्टर, लाल मानेचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी मला विचारलं, "काय घेणार?" मी म्हणालो, "नको, काही नको." आपल्याकडे पहिला नकार हा नुसता शिष्टाचार असतो. समोरच्यानं पुन्हा विचारायचं, मग हातातच आणून द्यायचं. मला खरं तर ऑरेंज ज्यूस हवा होता. त्यांनी मान डोलावली आणि ते दुसऱ्याकडे वळले. सगळी संध्याकाळ मी कोरड्या घशानं, मांडीवर हात ठेवून बसलो.

घरी चालत येताना बायको हसत म्हणाली, "अरे, इथे नाही म्हणजे नाही. आग्रह नसतो."

"मग तू एवढे ग्लास कसे घेतलेस?"

"तो राउंड. एकानं सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्यानं. हळदीकुंकवासारखं आहे बघ. तिच्याकडे जाऊन आलं की तिला आपल्याकडे बोलवावं लागतं. साखळी मधेच तोडली तर बरं दिसत नाही."

म्हणजे न घेणाऱ्याला तिथे कुणी आग्रह करत नव्हतं, आणि घेणाऱ्याला कुणी थांबू देत नव्हतं. मला हे काही केल्या नीट समजेना. पण एक समजलं. कुणाला कुठल्या ऑपरेशन थिएटरला टाकायचं, पुढच्या जागेसाठी कुणाचं नाव सुचवायचं, हे सगळं त्या टेबलावर ठरे. तिथे ती एकटीच बाई डॉक्टर होती आणि एकटीच आपल्याकडची. न जाऊन तिचं भागलं नसतं.

त्या वर्षी दिवाळीला आम्ही तिच्या विभागाला घरी जेवायला बोलावलं. वाढायचं काम माझं. मी स्वतः घेत नसलो तरी पाहुण्यांसाठी व्हिस्की आणली होती. पंगतीत मठ्ठा वाढतात तशी मी ती वाढली. कुणाचा ग्लास अर्धा झालेला दिसला की जाऊन भरायचा. "पुरे" म्हणाले तर "असं कसं, थोडी तरी" म्हणून आणखी ओतायची. आमच्याकडे पाहुण्याचं पान रिकामं दिसू द्यायचं नसतं. त्यांच्याकडे दिलेला ग्लास संपवायचा असतो. दोन्हीकडची माणसं सभ्य, त्यामुळे कुणीच थांबलं नाही. कन्सल्टंट कोटांच्या ढिगावर झोपले. थिएटरची सिस्टर ही एक जाडजूड, प्रौढ बाई होती. सगळ्या बायकांना ती तिथल्या रिवाजानं 'हेन' म्हणायची, हेन म्हणजे कोंबडी. ती आमच्या फ्रिजला मिठी मारून गाणं म्हणू लागली. भुलीची यंत्रं सांभाळणारा एक किडकिडीत, अबोल टेक्निशियन होता, त्यानं अचानक मला त्याच्या आईची सगळी हकिगत सांगितली, आणि त्या उच्चारांत मला तिचं एक अक्षरही कळलं नाही.

मी दोन दिवस शरमेनं घराबाहेर पडलो नाही. सोमवारी बायको हॉस्पिटलातून परत आली ती खुशीत. "अरे, सगळे विचारतायत पुन्हा कधी बोलावताय. गावात असं घर नाही म्हणे!"

पुढे ती स्वतः कन्सल्टंट झाली. नव्वद साल उलटलं. नाताळात पेशंट बाटल्या देत. शुक्रवारचा रिवाज हळूहळू गुरुवारी सरकला, मग घरात आला. फोडणी घालताना ओट्यावर वाइनचा ग्लास असे. ती कधी अडखळली नाही, कधी ओरडली नाही. हॉस्पिटलात तिच्या हातून कधी काही चुकलं नाही. रविवारी मी सुपरमार्केटच्या आवारात काच गोळा करायची टाकी होती तिच्यात रिकाम्या बाटल्या टाकायला जाई. तिथे शेजारचे निवृत्त शाळामास्तर त्यांची पेटी घेऊन आलेले असत. त्यांची पेटी आमच्यापेक्षा मोठी असे आणि मला बरं वाटे. माझ्याकडे दुसरं मोजमापच नव्हतं.

एका ईस्टरला लीड्सहून आमचे जुने स्नेही आले, तेही डॉक्टर. जेवताना ते तिला म्हणाले, "वहिनी, तुम्ही पक्क्या स्कॉटिश झालात हं! आमच्या लीड्सची लाज काढलीत." सगळे हसले. नंतर स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीनं भांडी पुसता पुसता हळूच विचारलं, "भावजी, राग मानू नका. ती दुसरी बाटली कुणी संपवली हो?"

"सगळ्यांनी."

"मी घेत नाही. तुम्ही घेत नाही. आमच्या ह्यांचा ग्लास अजून टेबलावर तसाच आहे."

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मी स्नेह्यांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, "छे रे! तिचं काही जास्त नाही. आमच्या इथले बघशील तर झोप उडेल. तू पुस्तकातला माणूस, तुला सगळ्यांचंच जास्त वाटतं." नवराबायको एकाच गाडीत बसून गेले. दोघंही मला खरे वाटले.

मग एका फेब्रुवारीतल्या रविवारी सकाळी सांगलीहून फोन आला. सासूबाई होत्या. एरवी शनिवारी आम्ही करायचो. त्या स्वतः बूथवर जाऊन फोन करतील असं कधी झालं नव्हतं. बायकोनं रिसीव्हर घेतला, ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरला. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आई विचारतेय, काल सांगितलंस ते खरं का. मी तिला सांगितलं म्हणे, की आई, मी रोज घेते, आणि मला थांबता येईल की नाही माहीत नाही."

"सांगितलंस?"

"तू होतास ना इथे?"

मी वरच्या खोलीत वाचत होतो. ती सोफ्यावर बसली. "मला आठवतच नाही रे. फोन लावलेला आठवतो, ठेवलेला आठवत नाही. मी रोज लोकांना विसरायला लावते. कुणाच्या वजनाला किती औषध पुरेल, नुसतं बघून सांगते. आणि माझं मला..."  मग म्हणाली, "मला थांबता येतं का, ते बघायचंय. बाकी काही नको. एवढं कळलं पाहिजे."

मलाही तेवढंच हवं होतं. पण थांबायचं कसं? 'आज नको' म्हटलं की पबमध्ये लोक विचारत, बरं नाही का? गोड बातमी आहे का? नवऱ्याशी भांडलीस का? संध्याकाळी ती म्हणाली, "श्रावण पाळते. आपल्याकडे घेणारे पाळतात तसा."

"अगं, पण आत्ता माघ चालू आहे."

"इथे कुणाला कळतंय!"

शुक्रवारी तिनं पबमध्ये जाहीर केलं की आमचा पवित्र महिना लागलाय, मद्य वर्ज्य. आणि काय आश्चर्य, सगळ्यांचे आवाज खाली आले. साध्या नकारावर जी माणसं दहा कारणं विचारत, ती धर्माचं नाव निघताच खुर्ची सरकवून तिला जागा करून देऊ लागली. महिना लागण्याच्या आदल्या दिवशी आपले लोक पोटभर पिऊन घेतात, हेही तिनं सांगितलं. जुने कन्सल्टंट टेबलावर हात आपटून म्हणाले, "हा धर्म मला समजतो!" टेक्निशियन दर शुक्रवारी न विचारता तिच्यासाठी लिंबू घातलेलं नुसतं टॉनिक, म्हणजे जिनमध्ये मिसळतात ते कडवट सोडापाणी, आणू लागला. ती राउंडमध्येच राहिली, साखळी तुटली नाही.

घरी मात्र सोपं नव्हतं. संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून काही नसलेल्या जागेकडे हात नेई. रात्री झोप येत नसे. मी विचारलं की म्हणे, "विचारू नकोस. विचारलंस की आठवतं." मी विचारणं सोडलं. त्यामुळे काय चाललंय ते मला आणखीच कळेना.

महिना संपत आला तसा विभागानं बेत केला. पवित्र महिना पार पडला म्हणून पबमध्ये तिच्यासाठी पार्टी! केक आणला, वेफर्सच्या बशा मांडल्या, आणि मधोमध तिचा जिनचा ग्लास, त्याच्या दांडीला रिबीन बांधलेली. सगळी प्रेमानं बघत होती. बायको माझ्याकडे वळली आणि चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून मराठीत म्हणाली, "काय करू? अधिक महिना निघाला म्हणून सांगू?"

"अधिक आधी येतो," मी म्हणालो. मराठी शिकवणाऱ्याला राहवत नाही. "झाला तो अधिक. निज आता लागेल."

ती एवढी मोठ्यानं हसली की सिस्टर दचकली. मग तिनं त्यांना समजावलं: चंद्राचं वर्ष आखूड पडतं, म्हणून मधून मधून एक महिना जादा धरतात, आणि यंदा नेमका तोच होऊन गेला. खरा आता सुरू होतोय. "निज," ती म्हणाली. "नीजा," सगळे म्हणाले. सिस्टरनं रिबीन सोडली आणि जिनचा ग्लास स्वतः पिऊन टाकला. "वाया का घालवायचा, हेन?"

त्या निज महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये ती कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. मी विचारलं, घेण्यामुळे झालं का? एक डॉक्टर म्हणाले, असं कुणालाही होतं. दुसरे म्हणाले, तिचा रक्तदाब थोडा वर असायचा. तिसऱ्यानं खांद्यावर हात ठेवला.

तिथे दहनानंतर घरी जात नाहीत, हॉटेलच्या हॉलमध्ये जमतात. लीड्सचे स्नेही कानाशी म्हणाले, "आधी आंघोळ करायला हवी रे." पण गाडी तिकडेच वळली होती. टेबलावर व्हिस्कीचे भरलेले ग्लास रांगेनं मांडलेले होते. कुणीही हात लावला नव्हता. जुने कन्सल्टंट माझ्याजवळ आले. त्यांचा एवढा खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "नीजा अजून चालू आहे का?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी वेटरला खूण केली. ट्रे परत गेले, चहा आला. थिएटरचा सगळा विभाग काळ्या कपड्यांत कपबशा सांभाळत उभा राहिला. हातात ग्लास नसला की कसं बोलायचं, हे कुणालाच सुचेना. शेवटी सिस्टर म्हणाली, "गेल्या शुक्रवारी ती किती हसली! तो टॉनिकचा ग्लास उंच धरून म्हणाली, आता थोडेच दिवस."

"टॉनिक नव्हतं," टेक्निशियन बशीकडे बघत म्हणाला.

"तूच आणलंस ना?"

"आधीचा मी आणला. तो राउंड तिचा होता. तिनं बारवरून स्वतः आणला."

"लिंबू होतं त्यात. मी बघितलं."

"लिंबू दोन्हीत घालतात, सिस्टर. टॉनिकमध्येही, जिनमध्येही."

"मला वास आला असता रे! एवढी वर्षं मी—"

"तुमचे बिअरचे चार पाइंट झाले होते."

दोघंही आता चहा पीत होते, दोघंही पूर्ण शुद्धीत होते, आणि दोघांचाही तिच्यावर मनापासून जीव होता. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. सिस्टरनं माझ्या कपात साखर घातली. मला किती लागते ते तिनं विचारलं नाही.

पब माझ्या लायब्ररीच्या वाटेवरच आहे. मालकाला विचारलं तर कदाचित आठवेल. मी बरेचदा दारापर्यंत गेलो आहे.

तेराव्यानंतर सासूबाईंचा फोन आला. घरचं सगळं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एक विचारू का? थांबली होती का हो ती?"

"थांबली होती," मी म्हणालो. खरं सांगितलं की खोटं, मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून तशीच. एकदा मनात घेतलं की घेतलं. आठवीत असताना गूळ सोडला होता तिनं. घरात कुणाचं ऐकेना."

"मग? किती दिवस?"

"कसले दिवस! मला वाटायचं, पोरगी काय निश्चयाची आहे. एक दिवस कोठीत गेले तर गुळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना रडू आलं, मग पुन्हा हसू आलं. बूथमध्ये मागे कुणीतरी "आजी, आटपा" म्हणत होतं. मी रिसीव्हर कानाला धरून उभा होतो. त्यांच्याबरोबर हसावं की काय करावं, मला समजत नव्हतं.