विहिरीतले मासे

त्या संध्याकाळी देवळापुढे सगळ्यांदेखत मी जे पाणी प्यायलो, ते विहिरीचं नव्हतं. याला चूक म्हणणं सोपं आहे. ती लबाडी होती. एकट्या वामनला ती कळली होती, आणि गेल्या महिन्यात वामन गेला...

नागावच्या आमच्या शाळेत मी हेडमास्तर, तो माझा सहायक. खुर्ची माझी होती. पण काही विचारायचं असलं की बायाबापड्या माझी खोली ओलांडून त्याच्या वर्गाच्या दाराशी उभ्या राहत. औषधाची बाटली, कोर्टाचा कागद, पोरीचं स्थळ. मी आतून ऐकत असे आणि जळत असे. त्याला दुसरा शब्द नाही.

त्या साली हिवतापासाठी घरोघर डीडीटी फवारली गेली. फवारणारे जाताना पंप देवळाच्या विहिरीवरच धुऊन गेले. आमच्याकडे विहिरीत मासे सोडतात. ते फिरताहेत तोवर पाण्याची चिंता नाही. दुसऱ्या सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. सीताकाकी रिकामी कळशी घेऊन तडक वामनकडे आली.

"मास्तर, पानी पियाचं का न्हाय, तेवडं सांगा."

"मला ठाऊक नाही, काकी. तपासून आणतो. तोवर पिऊ नका."

ठाऊक नाही म्हणणाऱ्याचं गावाने ऐकलं! बायका लांबच्या वाडीतून पाणी वाहू लागल्या. मला ते सोसवेना. संध्याकाळी मी तांब्या-पेला घेऊन देवळापुढे गेलो, "हे बघा, विहिरीचंच आहे," म्हणालो आणि प्यायलो. तांब्या घरून भरून नेला होता. भीती मलाही होतीच.

"हेडमास्तर प्याले, मग आपल्याला काय धाड भरलीय?" कोणीतरी ओरडलं. "वामन मास्तर, तुमचं मासं म्हातारं झालं असतील!"

हशा पिकला. वामनने माझ्या हातातला पेला घेऊन उरलेला घोट जिभेला लावला. देवळाची विहीर मचूळ, माझ्या घरची गोड. त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे पाणी चांगलं आहे," एवढंच म्हणाला. "विहिरीचं मी तपासायला नेतो."

मग तो दारोदार फिरला, पिऊ नका म्हणून. माझं नाव घेतलं नाही, आणि कोणी ऐकलंही नाही. बाटली अलिबागला, तिथून मुंबईला गेली. विहीर उपसा, असं उत्तर येईतो सीताकाकीची नात ओकून ओकून निपचित पडली होती. त्याच पाण्याने की आणखी कशाने, कोणी सांगू शकलं नाही. पोर वाचली.

उपसलेल्या विहिरीत वामनने नवे मासे सोडले. रोज शाळेत येताना तो कठड्यावरून वाकून ते बघायचा. एकदा मी विचारलंच, "तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलोय."

त्याच्या या थांबण्याचाही मला हेवाच वाटला. तो जाईपर्यंत मी बोललो नाही.

परवा सकाळी मीच कठड्यावरून वाकलो होतो. सीताकाकी पोहरा सोडत होती. "आता पान्याचं कुनाला इचारायचं वो?" ती स्वतःशीच म्हणाली. अजूनही आत काहीतरी टोचलं... मासे फिरत होते.

"काकी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी प्यायलो ते पाणी माझ्या घरचं होतं. वामनला ठाऊक होतं. तुमच्या नातीचा मी अपराधी आहे. मला क्षमा करा."