गायकाच्या नावाआधी ‘कै.’

मंडळी, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी गाण्यांचा सर्व्हर केला आहे, म्हणजे त्यातली गाणी मोबाइलवर ऐकता येतात. त्यात आमच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग आहेत. गायक, गाव, प्रसंग असे टॅग मी स्वतः बनवले आणि प्रत्येक अक्षर दोनदा तपासलं.

आज दुपारी शेजारच्या काकू भजनं ऐकायला आल्या. काका मंडळाचे मुख्य गायक होते. दोन वर्षांपूर्वी ते वारले, म्हणून त्यांच्या नावाआधी मी सगळीकडे ‘कै.’ लिहिलं होतं.

काकूंनी मोबाइलवर ते वाचलं.

“हे काहून लिहिलं रे?”

“रीतच आहे काकू. लग्नपत्रिकेतही लिहितात.”

“तुझ्या मशीनला बी मयतीचा दाखला लागतो व्हय? ह्यात तर ते गाऊन राहिले.”

भजन संपेपर्यंत काकू बसल्या होत्या. मध्येच काका खोकले, तेव्हा त्या हसल्या.

त्या जायच्या आत मी सगळीकडचं ‘कै.’ काढलं. त्यांनी पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, “आता बराबर.”

पण काकांना न पाहिलेल्या लेकरांना ते आता नाहीत हे कसं कळणार? रेकॉर्डिंगच्या दिवशी खरं होतं ते लिहावं, की आज खरं आहे ते? तुम्ही काय लिहिलं असतं?